बिल्टमोरचा महाल की सव्हानाचे चौक?

फेब्रुवारी उजाडला की एक फोन ठरलेला असतो. कुणाचे तरी आई-बाबा पुण्याहून, नाशकाहून यायचे असतात, तिकिटं झालेली असतात आणि पलीकडून प्रश्न येतो, "नायगारा, वॉशिंग्टन मागच्या खेपेला दाखवलं. आता इकडे दक्षिणेत जुनं, बघण्यासारखं काय आहे? बिल्टमोर बरं की सव्हाना?" आम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटला राहतो. बिल्टमोर ज्या गावात आहे ते ॲशव्हिल दोन तासांवर आणि जॉर्जियातलं सव्हाना चारेक तासांवर, म्हणून हा प्रश्न आमच्याच दारात येतो. दोन्हीकडे आम्ही हौसेनं गेलो, पाहुण्यांना घेऊन गेलो आणि एकदा ऐन जुलैत सव्हानाला जायचा शहाणपणाही करून आलो.

या दोन्ही जागा "ऐतिहासिक वास्तू" या एकाच नावाखाली येतात, पण त्या एका जातीच्या नाहीत. बिल्टमोर हे घर आहे, एका माणसाचं आणि एका पैशाचं. सव्हाना हे गाव आहे. घराला पाहुणा म्हणून तिकीट काढून जायचं, गावात नुसतं चालत सुटायचं. माझा कल सव्हानाकडे आहे, हे आधीच कबूल करते. पण चार प्रकारच्या पाहुण्यांपैकी दोघांना मी डोळे मिटून बिल्टमोरला पाठवीन.

बडोद्याचा लक्ष्मीविलास पाहिला असेल तर बिल्टमोरची कल्पना लवकर येते. सयाजीराव गायकवाडांचा तो राजवाडा १८९० साली पुरा झाला. त्याच्या आदल्याच वर्षी इथे ब्लू रिज डोंगरांत जॉर्ज वॉशिंग्टन व्हँडरबिल्टनं आपल्या घराचं काम सुरू केलं होतं. तिकडे महाराज होते, इकडे रेल्वे आणि जहाजांच्या धंद्यातून गडगंज झालेल्या घराण्याचा नातू, तोही तेव्हा बिनलग्नाचा. १८९५च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्यानं पाहुण्यांसाठी घर उघडलं तेव्हा तो ३३ वर्षांचा होता. घर म्हणजे पावणेदोन लाख चौरस फुटांहून थोडं जास्त. खोल्या २५०, त्यांत शयनघरं ३५, न्हाणीघरं ४३ आणि शेकोट्या ६५. अमेरिकेत खासगी मालकीचं याहून मोठं घर नाही, आणि आजही ते त्याच घराण्याच्या वंशजांकडे आहे.

वास्तुरचनाकार रिचर्ड मॉरिस हंट. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा चौथरा त्याचाच. फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या गढ्या डोळ्यांपुढे ठेवून त्यानं हे घर रचलं, आणि ते उघडायच्या काही महिने आधी तो वारला. बागा आणि जमिनीची आखणी फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडची, म्हणजे सेंट्रल पार्कवाल्याची. ओल्मस्टेडची करामत तिकीट दाखवल्यापासूनच सुरू होते, पण लक्षात येत नाही. फाटकापासून घरापर्यंत सुमारे तीन मैल रस्ता आहे आणि त्या तीन मैलांत घर एकदाही दिसत नाही. झाडी, ओढा, वळण, पुन्हा झाडी. बाबा वैतागून म्हणाले, "अरे, घर आहे ना नक्की?" तेवढ्यात झाडी संपली आणि समोर ते सगळं एकदम उभं राहिलं. हे "जंगल"ही लावलेलं आहे बरं का. व्हँडरबिल्टनं जमीन घेतली तेव्हा ती शेतीनं आणि तोडीनं पार उजाड झालेली होती. घरालगत थोडी बाग ठेवा, नदीकाठी शेती करा आणि बाकी सगळं रान वाढवा, हा सल्ला ओल्मस्टेडचा. त्यातूनच पुढे १८९८ साली इथे वनशास्त्राची शाळा निघाली. एके काळी सव्वा लाख एकर असलेल्या मालमत्तेतला मोठा भाग १९१४ साली व्हँडरबिल्ट गेल्यावर त्याच्या बायकोनं सरकारला विकला, तेच आजचं पिसगा राष्ट्रीय अरण्य. आता उरलंय ते सुमारे ८,००० एकर.

आत गेल्यावर काय बघायचं? सगळे जण भोजनगृहापाशी माना वर करून उभे राहतात. ७० फूट उंच छत, भिंतींवर सोळाव्या शतकातले, चित्रं विणलेले फ्लेमिश पडदे, बसायला चर्चमध्ये शोभेल असं टेबल. मला स्वतःला ग्रंथालय जास्त आवडतं. छतावरचं पेलेग्रिनी या इटालियन चित्रकाराचं चित्र व्हेनिसच्या एका वाड्यातून सोडवून आणलेलं आहे. खाली दहा हजारांवर पुस्तकं आणि शेकोटीच्या मागून वर जाणारी एक चोरवाट, म्हणजे पाहुण्याला रात्री पुस्तक न्यायला खाली यायचं झालं तर दिवाणखान्यातून मिरवत यायला नको.

पण खरी मजा तळघरात. तिथे ७०,००० गॅलनचा पोहण्याचा तलाव आहे, पाण्याखाली विजेचे दिवे असलेला. हे १८९५ सालचं, जेव्हा गावोगाव घरांत कंदीलच होते. पाणी शुद्ध करायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून भरलेला तलाव काही दिवसांनी रिता करायचा आणि पुन्हा भरायचा. पलीकडे बोलिंगची पट्टी, व्यायामशाळा, आणि मग नोकरांचं राज्य: तीन-तीन स्वयंपाकघरं, कोठ्या, धुणीघर. आई या धुणीघरात अर्धा तास रमली. भिंतीतून बाहेर ओढायच्या उंच लाकडी चौकटी, त्यावर ओले कपडे टाकायचे आणि चौकट परत आत ढकलायची. आत उष्णता, कपडे वाळलेले. "पावसाळ्यात हे आपल्याकडे हवं होतं," एवढंच ती म्हणाली. वरच्या सोनेरी खोल्यांपैकी तिला आज एकही आठवत नाही.

आणखी एक नजर छताकडे टाका, वरच्या मजल्यांवर नाही, तलावाच्या खोलीत. तिथल्या कमानी पातळ भाजलेल्या फरशांच्या आहेत, सिमेंटमध्ये एकावर एक थर देऊन बसवलेल्या. हे काम स्पेनहून आलेल्या राफाएल ग्वास्ताविनो या गवंडी-अभियंत्याचं. त्याला हा भाग इतका आवडला की तो इथेच राहिला, आणि ॲशव्हिलच्या मध्यवस्तीत त्यानं सेंट लॉरेन्सचं चर्च रचलं. त्याचा लंबगोल घुमट ८२ फूट लांब आणि ५८ फूट रुंद, तुळई कुठेही नाही. बांधून होण्याआधी १९०८ साली तो गेला आणि त्याच चर्चमध्ये त्याला ठेवलंय. महाल बघून थकलेल्या माणसांनी हे चर्च सोडून दिलं तर मला वाईट वाटतं, कारण ते फुकट आहे आणि दहा मिनिटांत बघून होतं.

आता कुरकूर. तिकीट महाग आहे. दर तारखेप्रमाणे बदलतो आणि गर्दीच्या दिवसांत माणशी शंभर डॉलरच्या पुढे सहज जातो. चार माणसांच्या तिकिटांत सव्हानाला एका रात्रीची राहायची सोय होते. घरात शिरायची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. आत पायऱ्या भरपूर आणि रांगेच्या गतीनं चालायचं. वाइनरी असलेलं खेड्यासारखं आवार घरापासून पाचेक मैलांवर आहे, म्हणजे पुन्हा गाडी. थोडक्यात, एक अख्खा दिवस आणि त्या दिवशी दुसरं काही नाही. शिवाय एक गोष्ट फलकांवरून पटकन कळत नाही. ही जमीन रिकामी नव्हती. गुलामगिरी संपल्यावर इथे वसलेली शायलो नावाची काळ्या लोकांची वस्ती होती. तिची जमीन व्हँडरबिल्टनं विकत घेतली आणि वस्ती चर्चसकट दुसरीकडे गेली. त्याच व्हँडरबिल्टनं १८९३ साली ॲशव्हिलच्या काळ्या समाजाच्या संस्थेला इमारतीसाठी कर्जाऊ पैसे दिले. ती खडेदार गिलाव्याची इमारत अजून उभी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

ॲशव्हिल गावाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लोक महाल बघून परस्पर घरी जातात. १९२० नंतरच्या दशकात इथे जमिनीचे भाव आकाशाला भिडले, गावानं वारेमाप कर्ज काढून इमारती बांधल्या, आणि नोव्हेंबर १९३० मध्ये बँका बुडाल्या. ते कर्ज फेडायला १९७६ साल उजाडलं! बाकीची शहरं जुनं पाडून काचेचे ठोकळे उभे करत होती तेव्हा ॲशव्हिलच्या खिशात पाडायलाही पैसे नव्हते. म्हणून डग्लस एलिंग्टननं रचलेली १९२८ची नगरपालिका, गुलाबी संगमरवर आणि वर लाल-हिरव्या कौलांचा पायऱ्यापायऱ्यांचा मुकुट, आज जशीच्या तशी दिसते. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या इमारतींखालून फिरलेल्यांना ही आर्ट डेको लगेच ओळखीची वाटेल.

सव्हाना वाचलं ते वेगळ्या कारणानं. तिथे १९५४ साली जुनी मंडई पाडून गाड्या ठेवायचा मनोरा बांधला आणि पुढच्या वर्षी डेव्हनपोर्ट हाउस नावाचं १८२०चं विटांचं घर त्याच वाटेला निघालं होतं. सात बायका पुढे आल्या, पैसे जमवले, घर विकत घेतलं आणि संस्था काढली. मग तिनं एकामागून एक घरं घेऊन, जपायच्या अटीवर विकायचा सपाटा लावला. आज जे गाव दिसतं ते बरंचसं त्या सपाट्याचं फळ आहे.

पण सव्हानाची खरी वास्तू म्हणजे तिचा नकाशा. १७३३ साली जेम्स ओगलथॉर्प इंग्लंडहून माणसं घेऊन आला आणि त्यानं नदीकाठच्या उंचवट्यावर गाव आखलं. मधे चौक, उत्तर-दक्षिणेला घरांचे गाळे, पूर्व-पश्चिमेला चर्च किंवा सार्वजनिक इमारतींसाठी जागा. असा एक विभाग. गाव वाढलं की शेजारी तसाच दुसरा विभाग. एकूण २४ चौक झाले, त्यांतले २२ आज शिल्लक आहेत. आपल्या वाड्याला जसा चौक, एक संपला की दुसरा, तसा हा गावभर पसरलेला चौकांचा वाडा. दर दोन-तीन मिनिटांनी सावली, बाक आणि वर ओकची झाडं. त्या फांद्यांवरून राखाडी जटा लोंबतात, त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात. मॉसही नाही आणि स्पॅनिशही नाही, ती अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. लांबून बघणाऱ्याला पारंब्याच वाटतात.

ज्यांचे गुडघे बोलायला लागलेत त्यांना म्हणूनच मी सव्हाना सुचवते. थकलात की बसा, बाक समोरच आहे. तिकीट वाया जात नाही, रांग पुढे सरकत नाही. गाव सपाट आहे आणि डॉट नावाची फुकट बस फिरते. अपवाद फक्त नदीकाठचा. रिव्हर स्ट्रीटला उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या उंच आणि वाकड्यातिकड्या आहेत, खालचा रस्ताही जहाजांतून भार म्हणून आलेल्या दगडांचा. तिथे ज्येष्ठांना चालत उतरवू नका, लिफ्ट शोधा.

घरं आतून बघायची तर एकच बघा: ओवेन्स-थॉमस हाउस. विल्यम जे नावाच्या विशी-पंचविशीतल्या इंग्रज वास्तुरचनाकारानं १८१९ साली ते पुरं केलं. टॅबी म्हणजे शिंपल्यांचा चुना, वाळू आणि शिंपल्यांचेच तुकडे असं काँक्रीट त्यात वापरलंय. कोकणात आणि गोव्यात शिंपले भाजून चुना करत, तीच विद्या. वरच्या मजल्यावर जिन्याच्या पोकळीवरून चक्क एक छोटा पूल आहे, पुढचं घर मागच्या घराला जोडणारा. घरात नळाचं पाणी त्या काळी होतं. ज्या व्यापाऱ्यानं हे बांधून घेतलं तो गुलामांच्याही व्यापारात होता आणि थोड्याच वर्षांत घर त्याच्या हातून गेलं. आज वस्तुसंग्रहालयाच्या नावातच "आणि गुलामांच्या खोल्या" असं लिहिलेलं आहे. दौरा सुरू होतो तोही त्या मागच्या खोल्यांपासून, दिवाणखान्यापासून नाही.

तिथे वर बघा. छताच्या लाकडांवर फिकट निळा रंग आहे, नीळ, चुना आणि ताक मिसळून केलेला. आफ्रिकेतून आणलेल्या लोकांचा समज असा की या निळाईतून भुतंखेतं आत येत नाहीत. आमची आई पुन्हा थांबली. गावी दिवाळीआधी चुन्यात नीळ टाकून भिंती सारवणारी बाई ती. वाटाड्या सांगत होता ते इंग्रजी तिला अर्धंच कळलं असेल, पण रंग कसा केला ते तिनं मला आधीच सांगून टाकलं होतं.

हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. बिल्टमोर गुलामगिरी संपल्यानंतरचं आहे, तिथे पगारी नोकरांची कथा आहे. सव्हानाच्या प्रत्येक गोंडस जिन्यामागे दुसरी कथा उभी आहे. गंमत म्हणजे जॉर्जियात सुरुवातीला गुलामगिरीला बंदी होती. १७५१ साली ती उठली आणि पुढच्या शंभर वर्षांत गाव कापसावर आणि माणसांच्या विक्रीवर फुगलं. मार्च १८५९ मध्ये गावाबाहेरच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर दोन दिवसांत चारशेहून जास्त माणसं लिलावात विकली गेली. पाहुण्यांना यातलं काहीच नको असेल, नुसतं डोळे दिपवणारं हवं असेल, तर बिल्टमोर सोपं. नातवंडं आठवी-नववीत असतील तर सव्हाना.

"मग चार्ल्सटन का नाही?" हाही प्रश्न येतो. सव्हानापासून दोन तासांवर आहे आणि जास्त देखणं आहे, हे मान्य. तिथली एका खोलीच्या रुंदीची घरं रस्त्याकडे पाठ नव्हे, पण कूस करून उभी असतात. रस्त्यावरचं दार उघडलं की घरात नाही, लांब पडवीत प्रवेश होतो, आणि खरं दार पडवीच्या मध्यावर. १८८६च्या भूकंपानंतर भिंती आवळायला घातलेल्या लोखंडी गजांच्या चकत्या अजून बाहेरून दिसतात. पण चार्ल्सटन महाग आहे, गाडी लावायला जागा नाही, आणि जुन्या जमीनदारी मळ्यांची घरं गावाबाहेर विखुरलेली. तीन दिवसांखाली त्याच्या वाटेला जाऊ नका.

खाण्याचं. शाकाहारी मंडळींसाठी ॲशव्हिल एकतर्फी जिंकतं. "चाय पानी" तिथलंच. ते काढणारे मेहेरवान इराणी अहमदनगरात वाढलेले, आणि २०२२ साली जेम्स बियर्ड पुरस्कारांत या भेळ-चाटवाल्या जागेला देशातल्या सर्वोत्कृष्ट उपाहारगृहाचा मान मिळाला. पांढऱ्या टेबलक्लॉथच्या हॉटेलांना मागे टाकून! भेंडीच्या तळलेल्या काड्या मागवाच. सव्हानात मात्र जपून. दक्षिणी जेवणात घेवडा, पालेभाजी असं निरागस दिसणारं काहीही डुकराच्या हाडावर शिजवलेलं असू शकतं. "मांस नाही ना?" असं विचारून भागत नाही, "कशात शिजवलंय?" असं विचारायचं. आमच्या एका काकांनी नको ते खाल्ल्यावर आम्ही हे शिकलो. काकांना अजून सांगितलेलं नाही. मासे खाणाऱ्यांना ही अडचण नाही. त्यांनी कोळंबी आणि मक्याच्या कण्यांची लापशी खावी, रत्नागिरीकराला पटेल.

हवा. सव्हानाचा जून ते सप्टेंबर म्हणजे कोकणातला मे, वर डोळ्यांना न दिसणाऱ्या चावऱ्या चिलटांची भर. मार्च अखेर ते एप्रिल सुरेख, अझालिया फुललेल्या असतात. फक्त १७ मार्चच्या आगेमागे टाळा, सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीला तिथे जत्रा लोटते. ॲशव्हिल दोनेक हजार फुटांवर, उन्हाळाही सुसह्य. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पानं रंगतात आणि खोल्यांचे दर दुप्पट होतात. नोव्हेंबरपासून बिल्टमोरला नाताळची सजावट असते, भोजनगृहात ३५ फुटी झाड. सप्टेंबर २०२४ मधल्या हेलीन वादळात महाल उंचावर असल्यानं वाचला, पण नदीकाठची वस्ती बुडाली होती. त्यामुळे ब्लू रिज पार्कवेवरून जायचं असेल तर कुठला टप्पा बंद आहे ते निघण्याआधी बघून घ्या.

तर फोनवर मी काय सांगते? एकच दिवस हाताशी असेल, शार्लटहूनच जायचं असेल आणि पाहुण्यांना "अमेरिकेतला राजवाडा" बघितल्याचं समाधान हवं असेल, तर बिल्टमोर, आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळची पहिली वेळ. लहान मुलं बरोबर असतील तरी तेच. त्यांना मोकळं रान आणि शेळ्या-कोंबड्या महालाहून जास्त आवडतात. दोन रात्री असतील, बाबांना सकाळी फिरायची सवय असेल, आईला कुणाचं घर कसं चालायचं यात रस असेल, तर सव्हाना. मुक्काम जुन्या गावातच करा, भले खोली लहान मिळो. बाहेरच्या हायवेलगतच्या स्वस्त हॉटेलात उतरून आम्ही एकदा रोज गाडी लावायला जागा शोधत बसलो होतो.

आणि एकाच लाँग वीकेंडला दोन्ही उरकायचा बेत कुणी काढला तर सरळ नाही म्हणते. मधे पाच तासांची गाडी आहे. मुक्काम सहा महिन्यांचाच असेल ना? मग एप्रिलमध्ये सव्हाना, आणि परतीच्या विमानाआधी, सप्टेंबरअखेरीस, ॲशव्हिल.